रेघ

बागूल मास्तरांनी ओझरच्या कारखान्यात
छत्तीस वर्षं पाना फिरवला.
आता दर रविवारी मखमलाबादच्या पुढच्या माळावर
आमच्या हातभर विमानांवर
ते खऱ्या विमानांइतकेच चिडतात.

“आवळलं म्हणजे धरलं, असं नसतं.
प्लायला चावतोय तुझा बोल्ट.
लाकूड दबतं, दबून गप्प बसतं,
आणि इंजिन बोलायला लागलं
की हळूच अंग काढून घेतं.”

आधी पंखा तोल, म्हणतात.
एक पातं गव्हाच्या दाण्याएवढं जड असेल
तर कसला नट आणि कसलं वायसर.
मग थिनरनं आटे पूस,
तेलकट आट्यांना डिंक धरत नाही.
निळ्या बाटलीतला एकच थेंब.
लाल बाटलीला हात लावलास
तर उद्या उघडायला माझ्याकडेच रडत येशील.
आणि प्लास्टिकजवळ डिंक नेऊच नको, तडकतं ते,
तिथं नायलॉनचा नट.

सगळ्यात शेवटी रेघ.
बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर
नेलपॉलिशची एक सरळ रेघ.
मोडली, की समजायचं तो फिरलाय.
माझी बहीण दरवेळी बाटली उजेडात धरून बघते,
म्हणते, तुझ्या विमानाला नखं किती रे?

ऑक्टोबरात सातपूरहून रात्रपाळी करून
थेट माळावर गेलो.
मास्तर आलेले नव्हते,
वारा पडलेला,
रेघा काय, नंतरही बघता येतात.

दोन मिनिटं छान उडालं.
मग आवाज फाटला,
जसा सुपातला दाणा उडतो तसं काहीतरी उडालं,
आणि पिवळा पंख
तिडकेंच्या द्राक्षबागेत शिरला.

तिडके ओरडले नाहीत.
एवढंच विचारलं, “बोल्ट किती होते?”
चार.
“सापडले किती?”
तीन.
“छाटणीच्या बाया अनवाणी असतात.”

जुन्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
मी ओळीओळीतून ओढत फिरलो, अंधार पडेपर्यंत.
लागलं ते असं : तारेचे तुकडे, अर्धं ब्लेड,
दोन खिळे, कुणाच्या तरी कानातल्याचा आकडा.
तीन एमएमचा बोल्ट नाही.
मास्तरांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत,
चष्मा पुसत बसले. ते जास्त लागलं.

डिसेंबरात विरळणी चालू होती.
पेठकडच्या हौसा भोये घडात कात्री घालून
नको ते मणी झरझर खाली पाडत होत्या,
आणि कात्रीच्या मधोमध, जिथं दोन पाती भेटतात,
तिथं माझा बोल्ट.
लाल रेघेचा अर्धा तुकडा
अजून डोक्यावर.

“तुमचा हाय का? घ्या काढून.”
पण काढायला सुटेना.
त्या हसल्या.
“दोरा गुंडाळलाय आट्यांवर.
गोणीचा. थुंकी लावून.
पयला खिळा घातला व्हता, दिसाला दहादा निघायचा.
ह्यो हलत न्हाई.”

मी मास्तरांना बागेत घेऊन आलो.
त्यांनी कात्री हातात घेतली,
उघडली, मिटली,
कानाशी नेऊन पुन्हा उघडली.
मग खिशातून बाटली काढली
आणि ब्रश तसाच धरून म्हणाले,
“ताई, रेघ ओढून देऊ?
फिरला तर कळेल.”

हौसाबाईंनी कात्री परत घेतली.
“रंग कशाला?
रोज हातात असती.
फिरला तर मलाच आधी कळंल.”

माळावर परत येताना मास्तर दोनदा थांबले.
एकदा चपलेतला खडा काढायला.
दुसऱ्यांदा का, ते सांगितलं नाही.

त्या रविवारी उडवण्याआधी
मी चारही रेघा पाहिल्या,
शाबूत होत्या.
तरी एकेका बोल्टवर बोट ठेवलं
आणि थोडा वेळ
काढलं नाही.